आत्याच्या कार्डावरची बारा पुस्तकं

माझ्या आत्याला कुणी ‘जुन्या वळणाची’ म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणणारे एकजात असे, की ज्यांना स्वतःच्या फोनचा आवाज बंद करायला नातवंडं लागतात.

आत्या सार्वजनिक वाचनालयात सत्तावीस वर्षं ग्रंथपाल आहे. तिथे पहिला संगणक आला तेव्हा तो चार महिने कव्हर घालून पडून होता, कारण समितीला उद्घाटनासाठी पाहुणा मिळत नव्हता. शेवटी आत्यानेच कव्हर काढलं आणि चौदा हजार पुस्तकं एकेक करून नोंदवली. पुढे वाचक रोडावले, तेव्हा ‘हल्ली वाचतंय कोण’ म्हणून तिने गळे काढले नाहीत. वाचनालयाचा एक मोबाइल नंबर लोकांना दिला. पुस्तक हवं असेल तर मेसेज टाका, लिहायचा कंटाळा असेल तर बोलून पाठवा. गुडघ्यांनी दगा दिलेले म्हातारे घरबसल्या मुदत वाढवून घ्यायला लागले. एकाने ‘ते निळं पुस्तक आहे का?’ एवढंच विचारलं, तर हिने तीन निळ्या पुस्तकांचे फोटो पाठवले आणि त्यातलं दुसरं बरोबर निघालं! मी वेबसाइट बांधायचं काम करते. अडलं की आत्या मला फोन करते, आणि माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांपेक्षा तिचे प्रश्न शहाणे असतात.

समितीच्या अध्यक्षांना यातलं काही दिसलं नाही. त्यांना भपका हवा होता. एका कंपनीकडून त्यांनी नवी वेबसाइट करून आणली. वाचकांनी पुस्तकांना तारे द्यायचे, शेरे लिहायचे, आपापसात वाद घालायचे. आत्याला ते मनापासून आवडलं. खटकली एकच गोष्ट. पुस्तक नोंदवलं रे नोंदवलं, की वेबसाइटवर आणि वाचनकक्षातल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ओळ सरकायची: अमुक यांनी आत्ता अमुक पुस्तक नेलं. नावासकट.

“साहेब, कोण काय वाचतं हे मी कुणाच्या घरच्यांनाही कधी सांगितलेलं नाही,” आत्या म्हणाली.

“मॅडम, जग बदललं. लोक जेवणाच्या ताटाचे फोटो टाकतात, तुम्ही पुस्तकाचं काय घेऊन बसलात?”

“ताटाचा फोटो ते स्वतः टाकतात. इथे तुम्ही टाकताय.”

“तुम्हाला बदल नकोच असतो,” असं म्हणून अध्यक्ष पडद्यापुढे स्वतःचा फोटो काढून घ्यायला गेले.

तिसऱ्याच दिवशी व्हायचं ते झालं. समोरच्या गल्लीत एक बाई कपडे शिवते. नवऱ्यापासून वेगळं होणाऱ्या बायकांच्या हक्कांविषयीचं एक पुस्तक तिने नेलं. दीड तासात तिचा नवरा हातात फोन घेऊन वाचनालयात हजर. पुस्तक काउंटरवर आपटलं, बायकोचं कार्ड आत्याच्या डोळ्यांदेखत फाडलं आणि म्हणाला, “पुन्हा असलं काही दिलंत तर बघा.” पुढे तीन आठवडे शिवणवालीचं दुकान बंद होतं.

“माझ्या हाताने नोंदवलं गं मी ते,” आत्या मला म्हणाली आणि रडायलाच लागली. मी तिला रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

डोळे पुसून तिने कंपनीने दिलेली एकशे चाळीस पानी इंग्रजी माहितीपुस्तिका काढली आणि शब्दकोश घेऊन बसली. नव्वदाव्या पानावर तिला सापडलं. नावं लपवायची सोय होती! एका चौकटीतली बरोबरची खूण काढून टाकायची, बस्स. ज्याला नाव दाखवायची हौस असेल त्याने स्वतः दाखवावं. मी तपासून पाहिलं, अर्ध्या मिनिटाचं काम. पण पासवर्ड अध्यक्षांकडे, आणि अध्यक्ष म्हणाले, “नावं काढली तर पडदा ओकाबोका दिसेल. लोक थांबून बघतात तिकडे.”

बघणारच! शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावायला मिळालं तर कोण सोडतं?

एके दुपारी शिवणवाली आली. काउंटर मोकळा होईपर्यंत वर्तमानपत्र चाळत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “बाई, ते पुस्तक अर्धंच झालं होतं माझं. पण कार्ड नाही आता.”

आत्याने ड्रॉवरमधून स्वतःचं कार्ड काढलं आणि पुस्तक स्वतःच्या नावावर नोंदवलं. पडद्यावर ओळ सरकली: ग्रंथपाल यांनी आत्ता नेलं.

ही सोय न बोलता इकडून तिकडे पोचली. दोन महिन्यांत आत्याच्या कार्डावर बारा पुस्तकं चढली. दारू सोडवण्याचं, मूल न होण्याचं, मूळव्याधीचं, झोप न येण्याचं. पडदा सगळ्यांना दिसतच होता, त्यामुळे जिभांना काम मिळालं. औषधाच्या दुकानात एका ओळखीच्या माणसाने आतोबांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “मग, सुटली का दारू?” आयुष्यात थेंबाला न शिवलेले आतोबा म्हणाले, “आता सुरू करावी म्हणतो.” घरी येऊन ते हसले. मला नाही हसू आलं.

मग समितीने आत्याला जाब विचारायला बोलावलं. नावं लपवायची सोय दाखवण्यासाठी मीही गेले होते, पण मला बोलूच दिलं नाही. अध्यक्षांनी आत्याच्या कार्डावरची नोंद पडद्यावर लावली आणि यादी मोठ्याने वाचायला घेतली. “एक, वेगळ्या होणाऱ्या बायकांचे हक्क. दोन, दारू...” प्रत्येक नावाला सभासद माना खाली घालून फिदीफिदी हसत होते. आत्या ताठ बसून होती. सहा झाल्यावर अध्यक्ष थबकले. चष्मा सारखा केला.

“आठ,” ते म्हणाले.

“सातवं राहिलं, साहेब,” एका सभासदाने तत्परतेने आठवण करून दिली.

“ते... तेच ते सगळं. आठ.”

सगळ्यांच्या माना पडद्याकडे वळल्या. सातवं पुस्तक विस्मरणाच्या आजाराची सुरुवात कशी ओळखावी, याविषयीचं होतं. अध्यक्षांच्या कपाळावर घाम आला होता. यादी त्यांनी तिथेच सोडली, पाणी प्यायले आणि आत्याकडे न बघता म्हणाले, “ही पुस्तकं कुणासाठी नेलीत, ती नावं द्या.”

“नाही देणार,” आत्या म्हणाली. “एकाचंही नाही.”

दुसऱ्या दिवशी ती खूण निघाली. सूचनाफलकावर कागद लागला, की तांत्रिक कारणामुळे नावं दिसणार नाहीत. तांत्रिक कारण! आणि त्याच दिवशी आत्याला लेखी ताकीद मिळाली: स्वतःच्या कार्डाचा गैरवापर केला. खाली अध्यक्षांची सही. शिवणवालीने नवं कार्ड काढलं तेव्हा आत्या काउंटरवर ती ताकीद पाकिटात घालत होती.

संध्याकाळी मी तिच्या घरी जाऊन तोंड सोडलं. “सातवं त्यांचंच होतं ना? जगाची नावं भिंतीवर टांगायची आणि स्वतःचं तुझ्या कार्डावर लपवायचं! सगळ्यांसमोर सांगून टाकायचंस. चांगली जिरली असती.”

“कुणाचं होतं ते तुला का सांगू? तू काय ग्रंथपाल आहेस?”

“आत्या, त्या माणसाने तुला ताकीद दिलीय!”

तिने ताकिदीचं पाकीट कपाटात ठेवून दिलं.

“जो कोण होता, त्याने ते पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं,” ती म्हणाली. “परवा मुदत संपतेय. माझ्याच कार्डावर वाढवून देणार आहे मी.”