सांजेचं बेसांव

आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये गाणी मोजून तीस-पस्तीस होती. किस्से किती होते ते विचारू नका! गाणी वर्षानुवर्षं तीच, पण दर लग्नाला एक नवा किस्सा जमा. त्यातले निम्मे आमच्या पायमुळे. पाय म्हणजे माझे वडील. मालवणजवळच्या आमच्या वाडीतल्या चर्चचे क्वायरमास्तर. कुणी बेसूर गायलं की व्हायोलिनचा गज सरळ त्याच्यावर रोखायचे!

आणि बेसांव म्हणजे आशीर्वाद. सांजेला तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना संपली की आम्ही भावंडांनी ओळीने गुडघे टेकायचे आणि म्हणायचं, "पाय, बेसांव दी." पायनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवायचा, "देव बरां करो." त्याशिवाय पेज नाही! लग्नाचं बेसांव मात्र वेगळं मागायचं. ते दोन्ही घरून मिळेपर्यंत मुलाने मुलीशी साधं बोलायचंही नाही.

*

पाय स्वतः आमच्या मायला मागायला आचऱ्याला गेले, ते व्हायोलिन घेऊनच. आजोबांनी अर्धा तास डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "वाजवतस बरो. पण पोटाक काय वाजवतलस?"

पाय परत आले. दुसऱ्या दिवशी आजोबा सकाळी शेतावर गेले, तर हे महाशय पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांच्या चिखलात लावणी लावतायत! आजोबा बांधावरूनच ओरडले, "बेसांव दिलंय रे! आता भायर ये, सगळी रोपां वाकडी लावलंस!"

माय हे सांगताना अजून लाजायची.

*

क्वायरमध्ये पायचा एक कडक नियम होता. पुस्तकं कमी, दोघांत एक. पण मुलगा-मुलगी एका पुस्तकात बघून गाणार नाहीत. बेसांव मिळालं, की मग खुशाल! त्यामुळे रविवारी मिसाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, एखादी जोडी एका पुस्तकावर दिसली की अख्ख्या वाडीला कळायचं, ठरलं!

एकदा नवे पाद्रीबाब आले. बिचाऱ्यांना काय ठाऊक! पायना ताप आला होता, म्हणून त्यांनीच प्रॅक्टिस घेतली आणि पुस्तकं वाटली. एक मुलगा, एक मुलगी, एक पुस्तक. रविवारी मिसा आटोपला आणि चार आया पाद्रीबाबांच्या दारात! "पाद्रीबाब, आमका इचारल्याशिवाय तुमी ठरवलात?"

पुढच्या आठवड्यात पाद्रीबाब स्वतः बसने बेळगावला जाऊन पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आले.

*

आमच्या क्वायरमधल्या जाकीचे वडील बोटीवर नोकरीला. जाकीचं मन कट्टा गावाहून क्वायरमध्ये गायला येणाऱ्या एका मुलीवर बसलं. तिच्या घरचं बेसांव मिळालं, पण याचे पाय समुद्रात! म्हणून पत्र लिहिलं. चांगलं चार पानी, आमच्या पायनी शुद्धलेखनसुद्धा तपासून दिलं. मग वाट बघणं. दोघं क्वायरमध्ये दोन टोकांना उभी, वेगवेगळी पुस्तकं घेऊन.

चार महिन्यांनी उत्तर आलं. "बाबा जाकी, माझां पूर्ण बेसांव आसा. पण चेडू कोणाचां, तां लिवूक इसारलंस!"

चार पानांत मुलीचं नाव कुठेच नव्हतं! आणखी चार महिने.

*

आता आमच्या नातालीनचं सांगते. नातालीन म्हणजे माझी थोरली बहीण. सन साठच्या आसपास तिला सांतान आवडला. धक्क्यावर होड्या दुरुस्त करणारा सुतार. हाताचा कसबी, स्वभावाचा गरीब, पण जगात एकटा. आई-बाप लहानपणी गेले, मावशीने वाढवलं, तीही गेली.

लग्नाचं बेसांव मागायला तो एकटाच आला. पाय म्हणाले, "माणूस तू बरो. पण तुझ्याच डोक्यार हात ठेवूक घरात कोण नाय. मग माझां चेडू सांजेक बेसांव कोणाकडे मागतलां?"

सांतान मान खाली घालून गेला. नातालीन आत जाऊन जी रडली! तिची एक मैत्रीण म्हणाली, पळून जा. तर ही म्हणते, "पळान जावन खंय? सांजेक गुडघे टेकूक हयच येवचां लागतलां!"

त्यानंतर सांतान रोज सांजेला काम आटोपून यायचा आणि आमच्या अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर उभा राहायचा. आत यायचा नाही, हाक मारायचा नाही. आमचं तेर्स सुरू झालं की बाहेरून प्रार्थनेची उत्तरं म्हणायचा. शेवटी गाणं असायचं, तेही म्हणायचा. आणि काय सांगू, इतका बेसूर! आम्ही हसू दाबायचो, नातालीन खाली बघायची, पायचं तोंड वाकडं व्हायचं. असं महिनाभर चाललं.

एका सांजेला पायनी गाणं मध्येच थांबवलं. गज दाराकडे रोखला. "त्या भायल्याक भितर हाडा! भायरसून तेचो सूर लागना नाय!"

सांतान आत आला, दाराशीच उभा राहिला. गाणं पुरं झालं. आम्ही सवयीने ओळीने गुडघे टेकले. त्याला काय करावं कळेना, तोही माझ्या शेजारी ओळीच्या टोकाला गुडघ्यांवर बसला. अंगाला ओल्या लाकडाचा वास येत होता.

पायनी माझ्या भावापासून सुरुवात केली. मग नातालीन. मग मी. मग हात हवेतच थांबला. मायने जपमाळ घट्ट धरली. सांतानला "बेसांव दी" एवढंही म्हणता येईना. बापाला हाक मारायची सवयच नव्हती त्याला.

पायनी हात त्याच्या डोक्यावर ठेवला. आमच्या डोक्यावर ठेवायचे त्यापेक्षा खूप जास्त वेळ ठेवला. मग म्हणाले,

"ह्यां बेसांव माझां न्हय. ह्यां तुझ्या बापाशीचां. माझां, लग्नाचां, मागूक उद्या ये."