अर्धी गाठ

स्लाइडमध्ये ग्रेड दोन दिसत होती. एमआरआय ठामपणे चार सांगत होता. मी आलटून पालटून दोन्हीकडे बघत होते.

पेशंट ब्राह्मणपुरीचा सुनील, शाळेत शिक्षक. सुरतला ऑपरेशन करून मेंदूतली गाठ काढली होती. तपासणीचा तुकडा बाटलीत घालून त्याचे थोरले भाऊ, दिलीपभाऊ, नंदुरबारला माझ्या लॅबमध्ये घेऊन आले होते. इकडे हे नेहमीचंच. ऑपरेशन झालं की बाटली नातेवाइकांच्या हातात.

ग्रेड म्हणजे गाठ किती वेगाने वाढेल याचा अंदाज. पेशी भराभर वाढत असतील, मध्येच मेलेल्या पेशींचे पट्टे असतील, तर चार. स्लाइडमध्ये यातलं काही नव्हतं. एमआरआयमध्ये मात्र पांढरं कडं आणि आत मेलेल्या भागाचा काळोख. दोन असेल तर कधी कधी थांबता येतं. चार असेल तर रेडिएशन टाळता येत नाही.

मी ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, आणखी खोलवर कापायला लावला. तेच चित्र. माझं डोकं चालेना. सर्जनना फोन केला.

"मॅडम, सुपारीएवढा तुकडा दिला होता. त्यात दिसायलाच हवं."

"माझ्याकडे हरभऱ्याएवढा आलाय."

"मग बाकीचा कुठे गेला?"

दिलीपभाऊ बाहेर बाकावरच होते.

"आर्धा सुरतनी लॅबले दिधा ना, ताई. वावरनी माती तपासाले बी आम्ही दोन जागे देतस. दोन्ही रिपोर्ट सारखा, तरच खरं."

"तिथला रिपोर्ट आला?"

"उना. चार म्हणतस." त्यांनी मान वर केली नाही. "तुमना कमी उना तर तुमनाच धरसूत, असं ठरायेल व्हतं."

"भाऊ, माती आधी कालवता, मग तिचे दोन वाटे करता. गाठ कालवता येत नाही. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला चार असू शकते. आम्ही सगळ्यात वाईट भागाचीच ग्रेड देतो."

"म्हणजे दोन्ही रिपोर्ट खरा?"

"खरे. पण धरायची चार."

सुरतच्या स्लाइड मागवून पाहिल्या. मेलेल्या पेशी तिथे होत्या. मी चार लिहिलं. टाके भरताच रेडिएशन सुरू झालं. सुनीलने त्यानंतर एक वर्ष वर्गावर काढलं. दुसरं मिळालं नाही.

आता कोणी बाटली पुढे केली, की पेशंटचं नाव विचारण्याआधी मी विचारते, "सगळं आणलंय ना?"