निदण उपटायचा रविवार

आमच्या चर्चच्या मंडळीला पाळकसाहेब महिन्यातून एकदाच लाभतात. त्यांच्याकडे पाच गावं, एक मोटारसायकल आणि एक कंबर. शेवटच्या दोन्ही आता जुन्या झाल्यात. उरलेल्या रविवारी उपदेश मी करते. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे उभं राहून बोलायची सवय आहे आणि समोरचा पेंगला तर त्याला उठवायचीही. बाईमाणसानं पुलपिटावर चढावं का, यावर सुरुवातीला बरीच कुजबुज झाली. मी ऐकू न आल्यासारखं केलं, आणि थोड्या महिन्यांत ती आपोआप थांबली.

दर सोमवारी सकाळी पाळकसाहेब मोबाईलवर त्या आठवड्याचे पाठ पाठवतात. एक जुन्या करारातला, एक स्तोत्र, एक पत्रातला आणि एक शुभवर्तमानातला. गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी बायकांची प्रार्थनासभा असते. तिथे शुभवर्तमानाचा पाठ आधी वाचायचा, त्याचा अर्थ सांगायचा, आणि रविवारी त्याच पाठावर चर्चमध्ये उपदेश करायचा. म्हणजे गुरुवार ही माझी रंगीत तालीम. त्या तालमीत बोलायचे मीच. बायका दिवसभर शेतात वाकून आलेल्या असायच्या. त्या माना डोलवायच्या आणि शेवटी चहा व्हायचा. मला वाटायचं, किती छान समजतंय यांना.

त्या आषाढात एका सोमवारी निदणाचा दृष्टांत आला. गोष्ट साधी आहे. एकानं शेतात चांगला गहू पेरला. सगळे झोपले असताना वैरी आला आणि गव्हात निदण, म्हणजे नको ते गवत, पेरून गेला. चाकर मालकाला म्हणाले, उपटून टाकू का? मालक म्हणाला, नको, त्याबरोबर गहूही उपटला जाईल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या.

त्याच संध्याकाळी माझे दीर घरी आले. ते मंडळीच्या पंचांचे प्रमुख. साखर कारखान्यात टाइमकीपर होते आणि निवृत्त झाल्यावरही तेच आहेत. उपासनेला कोण किती मिनिटं उशिरा आलं, हे त्यांना तोंडपाठ असतं. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी सांगितलं, की येत्या रविवारी उपासनेनंतर मंडळीची यादी नव्यानं करायची आहे आणि त्यातून एक घर कमी करायचं आहे.

कुठलं घर, ते मला विचारावं लागलं नाही. आमच्यातल्या एकानं तोट्यातला टेम्पो विकून शनिशिंगणापूरला एका दुकानात नोकरी धरली होती. तेल, रुईच्या पानांचे हार, काळ्या बाहुल्या विकायच्या. शनिवारी तिथे उभं राहायला जागा नसते, म्हणून तो रविवारी सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी यायचा आणि शेवटच्या बाकावर बसायचा. पण यायचा. त्याची आई तर चर्च झाडणारी, सणाला दारात रांगोळी काढणारी. आमची यादी कुटुंबवार असते. मुलाचं नाव गेलं की आईचंही जाणार, तिला प्रभुभोजनाची भाकर मिळणार नाही, आणि मेल्यावर कबरस्तानात नवऱ्याशेजारची जागाही नाही.

दिरांना हे कळत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या मते मंडळीचं नाव खराब होत होतं. शिवाय पाठही कसा अगदी वेळेवर आलाय, असं म्हणून ते खूश झाले. "वहिनी, यंदा जरा कडक होऊ द्या," एवढंच म्हणाले आणि निघाले.

आणि मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मलाही ती नोकरी खटकत होती. माणूस माझ्याच हाताखाली शिकलेला, त्याला दुसरं काही सुचू नये याचा मला रागच होता. पाठात मालक तर स्पष्ट उपटू नका म्हणतो, त्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. पण मी काही कच्ची नाही. मी वहीत लिहून काढलं, की मालकानं कापणीपर्यंत थांबायला सांगितलं, आणि मंडळीची यादी हीच ती कापणी. या युक्तीवर मी स्वतःच इतकी खूश झाले, की ते वाक्य आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं.

गुरुवारची सभा खुरपणीला जाणाऱ्या एका बाईच्या पत्र्याच्या घरी होती. शाळेत शिकवताना मी नेहमी वर्गात काहीतरी दाखवायला नेत असे, ती खोड गेलेली नाही. म्हणून येताना रस्त्याकडेचं गाजरगवत उपटलं, चांगली जुडी बांधली, आणि पाठ वाचून झाल्यावर ती उंच धरून म्हटलं, हे बघा निदण.

कोपऱ्यातून एक खुदकन हसली, दुसरीनं तोंडाला पदर लावला, आणि बघता बघता सगळं घर हसायला लागलं. मी जुडी हातात धरून तशीच उभी. सोयाबीनच्या खुरपणीनं त्यांची बोटं हिरवी झालेली होती आणि मी त्यांना गवत शिकवायला निघाले होते. गाजरगवत तर धावत्या एसटीतूनही ओळखू येतं, ते गव्हात आलं तर पहिल्याच दिवशी उपटतील, त्यासाठी मालकाला कशाला विचारायचं, असं त्यांनी मला हसत हसत समजावलं. आयुष्यात प्रथमच मी त्या सभेत खाली बसले आणि म्हटलं, मग निदण कसलं असतं, ते तुम्हीच सांगा.

जिचं घर होतं ती पुढं सरकली. म्हणाली, "बाई, गव्हात गव्हासारखंच गवत येतं. ओंबी फुटंस्तोवर आमच्या बापालाबी वळखू येत न्हाई. आन मुळं खाली एकमेकांत गुतल्याली असत्यात. गवत धरून वढलं का गहूबी हातात येतो."

मग तुम्ही काय करता, मी विचारलं.

"काय करनार? रान मालकाचं. आमी रोजानं गेल्याल्या बाया. कुठलं ठिवायचं आन कुठलं काढायचं, ते आमी कोन ठरवनार?"

दाराशी शिंगणापूरला नोकरी करणाऱ्याची आई बसली होती. बाकीच्या हसत होत्या तेव्हा ती हसली नव्हती. रविवारी काय होणार ते गावात सगळ्यांना कळलं होतं, तिलाही. तिनं मान वर केली नाही, नुसती बोटानं जमिनीवरची माती सारखी करत राहिली. मला स्वतःची लाज वाटली, आणि चहा तसाच ठेवून मी उठले. हा दृष्टांत मी दर तीन वर्षांनी वाचत आले होते, आणि त्या शेतातली मालकीण मीच असल्यासारखा त्याचा अर्थ सांगत होते. घरी आल्यावर वहीतलं ते पान फाडलं. आरशातलं वाक्यही त्याच्याबरोबर चुलीत गेलं.

शनिवारी दिरांचा फोन आला, तयारी झाली का विचारायला. मी म्हटलं, झालीय, भाऊजी, एकदम कडक.

रविवारी चर्च भरलं होतं. असा दिवस असला की एरवी न येणारेही येतात. पाठ वाचून झाला, मी पुलपिटावर चढले, आणि माझ्या गाजरगवताच्या जुडीची फजिती सगळ्यांना सांगून टाकली. पुरुषसुद्धा मोकळे हसले. मग मी खाली उतरले, माईक घेऊन बायकांच्या बाजूला गेले आणि जिच्या घरी सभा झाली होती तिच्या हातात दिला. आमच्या चर्चमध्ये असं कधी झालेलं नव्हतं. दीर खुर्चीत पुढे सरकून बसले.

तिचा आवाज बांधावरून हाक मारावी तसा खणखणीत लागला. गुरुवारी सांगितलं तेच तिनं सांगितलं, ओंबी, मुळं, रान, मालक. वर एक नवीन सांगितलं. एकदा पीक कोवळं असतानाच गवत समजून तिनं अख्खी ओळ उपटली होती, बांधावर टाकल्यावर मुकादमानं दाखवलं, तो गहू होता. परत लावला, पण जगला नाही. एवढं बोलून तिनं माईक माझ्या हातात ठेवला आणि बसली. माझ्याकडे आणखी वीस मिनिटांचा उपदेश तयार होता. तो मी केला नाही. आपण या रानातले मजूर आहोत, एवढं म्हणून आमेन म्हटलं. मला वाटतं, माझा तो सगळ्यात चांगला उपदेश झाला, आणि त्यातलं महत्त्वाचं एकही वाक्य माझं नव्हतं.

उपासना संपली आणि यादीचं काम सुरू झालं. आमची पद्धत अशी, की जे घर कमी करायचं त्याचं नाव प्रमुखांनी उभं राहून वाचायचं, आणि कुणाची हरकत असेल तर त्यानं नुसतं उभं राहायचं, बोलायचं नाही. कुणीच उठलं नाही तर नाव गेलं. पुण्याला राहायला गेलेल्यांची नावं अशी दर वर्षी जातात आणि त्यासाठी कोण कशाला उठतंय? बायका तर तेव्हा भाकरी टाकायला घरी गेलेल्या असतात. त्या दिवशी एकही गेली नाही.

दिरांनी नाव वाचलं. शेवटच्या बाकावरच्या माणसानं डोळे मिटून घेतले.

खुरपणीवाली उठली. तिच्या शेजारची उठली. मग गुरुवारच्या सगळ्या बायका, एकीमागून एक, गुडघ्यांवर हात टेकत उठल्या. मी उभी राहिले. माझी जाऊ, म्हणजे दिरांची बायको, नवऱ्याकडे न बघता पदर सारखा करत उभी राहिली. मग पुरुषांच्या बाजूला बाकं वाजू लागली. वाजत वाजत तो आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. बसलेली राहिली फक्त ती म्हातारी आणि तिचा मुलगा, आणि ती दोघंही रडत होती. मला तिथेच मोठ्यानं गाणं म्हणावंसं वाटलं.

दीर वही हातात धरून सगळ्यांकडे बघत राहिले. पद्धतीप्रमाणे निकाल झाला होता, तरी वही उघडीच होती. तेव्हा खुरपणीवालीनं नियम मोडला आणि हळूच म्हणाली, "दादा, तुमीबी उभंच हाय की."

कुणीतरी हसलं. दिरांनी मागे वळून खुर्चीकडे पाहिलं. बसायचं असतं तर एक पाऊल मागे घेतलं की झालं. त्यांनी वही मिटली, टेबलावर ठेवली, आणि ते उभेच राहिले.