घोडीचे मोजे

आमची पांढरी घोडी आबांनी सारंगखेड्याच्या बाजारातून आणली, तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आबा म्हणजे माझे सासरे. अमळनेरला स्टेशनसमोर त्यांचा टांगा उभा राहायचा. मग रिक्षा आल्या, टांग्यात बसणारं कुणी उरलं नाही, आणि माझा नवरा आणि धाकटा दीर घोडी लग्नाच्या वरातींना नेऊ लागले. नवरदेवाला पाठीवर घेऊन मुकाट चालणारी घोडी लोकांना नको होती. ढोल वाजला की नाचणारी हवी होती.

दिराने तिला अंगणात नाच शिकवला. शिकवला म्हणजे मारलं. निंबाच्या खोडाला आखूड दोराने बांधायचं आणि पुढच्या पायांच्या नळीवर वेताने हाणायचं. पाय उचलला की थांबायचं, खाली ठेवला की पुन्हा. मी आत भाकऱ्या थापत असायची. वेत हाडावर बसला की होणारा आवाज वेगळा असतो, मांसावर बसल्यासारखा नसतो. घोडी भेदरून उड्या मारायची आणि तिच्याच मागच्या पायाचा नाल पुढच्या पायावर आपटायचा. एकदा नाल इतका खोल गेला की शीर फुटली, आणि रक्ताची चिळकांडी धुणं वाळत घालणाऱ्या माझ्या पातळावर आली.

त्या दिवशी आबांनी मला बोलावलं. घरात शिवणकाम मलाच येत होतं. म्हणाले, "हिले मोजे शिव."

पायाला गुडघ्याखाली बांधायच्या पट्ट्यांना आम्ही मोजे म्हणायचो. बाजारात तयार मिळायचे, रेक्झीनचे, आत स्पंज, वरून टिकल्या. पहिले तेच आणले. दोन वरातींत आत घाम साचून केस गळाले आणि कातडी भिजल्यासारखी पांढरी पडली. मग मी केळीच्या सोपटाचं, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीचं, अस्तर करून पाहिलं. मऊ होतं, पण ओलं झालं की कुजून वास मारायचं. शेवटी आबांनी जुन्या खोगिराखालचा नमदा काढून दिला, दाबून केलेला लोकरीचा जाड थर. वरून कातडं, आतून नमदा, आणि बक्कल बाहेरच्या अंगाला. बांधल्यावर आत एक बोट गेलं पाहिजे. दोन गेली तर मोजा घसरतो, एकही गेलं नाही तर पाय सुजतो. शिवून झाला की आबा तो माझ्या मनगटावर, आतल्या बाजूने घासायला लावायचे.

"तुन्हा मनगटले टोचस, तं तिन्हा पायले बी टोचस," ते म्हणायचे.

वरातीहून आले की मी मोजे झटकायची, नमद्यात अडकलेला कचरा वेचायची, ओल्या फडक्याने पुसून सावलीत टांगायची. उन्हात कातडं तडकतं. आठवड्याला एरंडेल चोळायची. घोडीच्या जखमा भरल्या. माझ्या हाताखाली ती पाय सैल सोडून उभी राहायची.

पुढच्या लग्नसराईत दीर म्हणाला, "वहिनी, मोज्यांचं मी पाहतो आता. तुम्हाला किती कामं!" तेव्हा माझी मुलगी पोटात होती. मला बरंच वाटलं. हे मी लपवत नाही. मला खरंच बरं वाटलं.

त्या वर्षी घोडी अशी नाचायला लागली की लोक दुसऱ्या वराती सोडून बघायला यायचे. पाय छातीपर्यंत उचलायची. एक पाय टेकला न टेकला तोच दुसरा वर. नवरा घरी येऊन कौतुक सांगायचा. मोजे गोठ्यात कुलूपबंद पेटीत असायचे. मी किल्ली मागितली नाही.

मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा यावलला माझ्या मामेबहिणीचं लग्न निघालं. घोडी आमचीच होती, त्यामुळे प्रथमच मी वरातीत होते. वैशाखातली दुपार. डांबर चपलेला चिकटत होतं. घोडीचे डोळे मला दिसले आणि मुलीला मी आईच्या कडेवर दिलं. पांढरे झाले होते डोळे. तोंडातून फेस गळत होता, तो गुलाबी होता.

मारुतीच्या पारापाशी ढोलवाल्यांनी तिला घेरलं. दिराने मागून चाबूक ओढला. घोडी दोन पायांवर उभी राहिली, नवरदेव पाठीवरून मागे पडला आणि त्याचा खांदा निखळला. ती खाली आली ती ढोलावर. ढोल फुटला. दीर लगामाला लोंबकळला, तशी तिने मान झटकून त्याला पाडलं आणि मागचा पाय झाडला. त्याचा जबडा मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मग माणसं तिच्यावर तुटून पडली. मांडवाच्या बल्ल्या घेऊन आले. नवरदेवाचे भाऊ, ढोलवाले, ज्यांचं काही गेलं नव्हतं तेसुद्धा. पाठीवर, तोंडावर, पायांवर. "मार! मार!" एवढंच ऐकू येत होतं. ती गुडघ्यांवर बसली, मग कुशीवर पडली, तरी मारत होते. मी मधे शिरले. एक बल्ली माझ्या पाठीत बसली. बाई आहे हे दिसलं तेव्हा हात थांबले.

मी तिच्या पायाशी बसले. मोज्याखालून रक्त येत होतं, आणि तिथे बल्ली लागलेली नव्हती. बक्कल सोडलं तर मोजा निघेना, कातडीला चिकटला होता. ओढला तसं मांस निघून आलं. नमदा उसवून आत सोड्याच्या बाटलीची झाकणं बसवली होती, दातेरी कडा आतल्या बाजूला. माझ्याच टाक्यांवरून पुन्हा शिवलेली. एका पायात चार, दुसऱ्यात पाच. खाली हाड दिसत होतं.

दीर पाराला टेकून बसला होता, तोंड दोन्ही हातांनी धरून.

"हे कुणी लावलं?" मी विचारलं.

रक्त थुंकून तो कसाबसा बोलला, "घोडी नाचनी ना? लोकेसनी टाळ्या वाजाड्यात ना? मंग?"

मोजा माझ्या हातात होता. बक्कल पितळी, चांगलं जड. मी ते त्याच्या तोंडावर मारलं. मोडलेल्या जबड्यावरच मारलं. त्याने हात वर केले, तर हातांवर मारलं. तिसऱ्या की चौथ्या फटक्याला बक्कल डोळ्यावर बसलं. तो ओरडला नाही, नुसता वाकडा होऊन पडला. मी तरीही मारत होते. नवऱ्याने मागून माझा अंबाडा धरून मला खाली आपटलं आणि सगळ्या वऱ्हाडासमोर लाथ घातली.

"त्याले काय मारस? माले माहीत व्हतं," तो म्हणाला. "मीच त्याले लावाले सांगेल व्हतं."

मी खाली पडून त्याच्याकडे बघत राहिले.

ढोरांच्या डॉक्टरांनी तिथेच, रस्त्यावर, घोडीच्या जखमा शिवल्या. जळगावला दिराचा जबडा तारांनी बांधला, पण डावा डोळा गेला. पोलिसांत त्याने सांगितलं, घोडीने लाथ मारली. डोळ्याचंही तेच सांगितलं. का, ते मी त्याला कधी विचारलं नाही.

घरी आल्यावर आबांनी नवऱ्याच्या थोबाडीत मारली, ऐकू येईनासं होईल इतक्या जोरात. मग ते ओट्यावर बसून लहान पोरासारखे रडले. मी महिनाभर माहेरी होते. नवरा घ्यायला आला तेव्हा माफी मागायला तोंड उघडलं आणि रडू आलं त्याला. मी मुलीला घेऊन त्याच्याबरोबर गेले. संसार झाला. पुढे दुसरी मुलगीही झाली. पण त्यानंतर त्याचा हात डोक्याजवळ आला की माझी मान आपोआप आक्रसायची, आणि हे त्याला दिसायचं.

दीर धुळ्याला गेला आणि तिथे टायरच्या दुकानात लागला. दिवाळीला यायचा. मी ताट वाढायची ते त्याच्या उजव्या बाजूने, डावीकडचं त्याला दिसत नसे. आम्ही पोराबाळांचं, पाण्यापावसाचं बोलायचो.

घोडी अजून पाच-सहा वर्षं जगली, लंगडत, गोठ्यातच. जखमांवर माशा बसू नयेत म्हणून मी स्वच्छ, नव्या नमद्याचे मोजे शिवले होते. बांधायला वाकले, तर तिने माझा खांदा दातांत धरला आणि सोडला नाही. नवरा आणि आबा दोघांनी मिळून तिचं तोंड उघडलं. आबांनी वेत उचलला होता. मी म्हटलं, "आबा, राहू द्या."

मग माशांसाठी मी तिच्या पायांवर कडुनिंबाचं तेल शिंपडायची, लांबूनच, झाडूने.