मागच्या शेडची वाफ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पाइप लिपला. आरमोरीच्या बाजूला एका राईस मिलमध्ये मी बायलर चालवायचो आणि बायको मागच्या शेडमध्ये रेजा, म्हणजे मजूरबाई होती. बायलरपासून त्या शेडपर्यंत वाफेचा पाइप उघड्यावरून गेला होता. त्याला आम्ही गोणपाटाचे जुने बोरे गुंडाळले, सुतळीनं आवळले, आणि वरून माती, शेण, धानाचा भुसा कालवून थापला. मी बांधत पुढे जायचो, ती मागून लिपत यायची. थंडीचे दिवस, सूर्य खाली चालला होता.

ती म्हणाली, "पाइपाले दोन-दोन बोरे. माही चादर फाटली ते कोणाले दिसत नाई."

"तुह्यातून वाफ सोडाची नाई," मी म्हटलं.

"नका सोडू. सुतळी आवळा."

मी आवळली.

पाइप का लिपावा लागला ते सांगतो. मिलमध्ये उसना, म्हणजे उकडा तांदूळ निघायचा. धान आधी टाकीत भिजवायचा, मग लोखंडी हंड्यात भरून त्याला वाफ द्यायची, मग वाळवून भरडायचा. असे हंडे दोन शेडमध्ये होते आणि बायलर एकच. पुढची शेड बायलरला चिकटून, मागची पटांगणाच्या पार तिकडच्या टोकाला. वाफ आळशी असते. जवळचं घर सापडलं की पुढं जात नाही. मागच्या शेडपर्यंत जाता जाता अर्धी वाफ पाणी होऊन जायची. तिकडचा धान वरून शिजल्यासारखा दिसायचा, पण दाणा फोडला की पोटात पांढरा. असा तांदूळ भरडताना तुटतो.

बाया पुढच्या शेडला थोरली म्हणायच्या आणि मागचीला धाकटी, जशा एका घरात दोन सवती. माझी बायको दुपारी डबा घेऊन बायलरजवळ यायची आणि सगळ्यांसमोर म्हणायची, "थोरलीकडं पोट भरून जेवता, अन् धाकटीकडं नुसते हात धुवाले येता." बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मी खाली मान घालून भात खायचो.

तिकडून ओरड आली की मी भट्टीत आणखी भुसा ढकलायचो. मला तेवढंच समजत होतं. बायलरचा काटा वर चढायचा, थोरलीतला धान फुटून त्याच्या लाह्या व्हायच्या, आणि धाकटीतला कच्चा तो कच्चाच. शेवटी शेठनं मुकादमाला सांगून टाकलं, आता एकही घाणा कच्चा निघाला तर मागची शेड बंद. म्हणजे तिथल्या साऱ्या रेजा घरी. त्यात माझी बायकोही. थोरलीत जागा नव्हती.

मी तिला म्हटलं, "जाऊ दे. मोहफुलं वेचशील, तेंदूपत्ता तोडशील."

"तो उन्हाळ्यात. बाकी सालभर काय भिंतीकडं पाहत बसू?"

मला ते पटलं, कारण माझंही तसंच होतं. कामावर दिवसभर आमचं तोंड दिसायचं नाही, पण एका पाइपाच्या दोन टोकांना आम्ही दोघं होतो. इकडे मी वाफेची चावी फिरवली की तिकडे तिचा हंडा सूं करायचा. म्हातारपणी माणसाला आणखी काय लागते? आज जे आठवते त्यात लग्न, पोरं, सण कमी आठवतात. ती तिकडे आहे आणि मी इकडून वाफ पाठवून राह्यलो, हे जास्त आठवते.

तोड तिनंच काढली. "भुसा टाकणं सोडा. थोरलीची चावी आवळा थोडीशी. अन् त्या पाइपाले काही पांघरा, उघडा पडला हाय बिचारा थंडीत."

म्हणून ते बोरे आणि ते लिपण. त्याच संध्याकाळी तिनं बायांना घेऊन टाकीत धान भिजत घातला. लिपण वाळायला मधला एक दिवस सोडायचा आणि परवा सकाळी वाफ द्यायची, असं ठरलं.

मधल्या दिवशी दुपारी ती पटांगणात धान पसरता पसरता खाली बसली. मला हाक आली. मी पोचलो तेव्हा नुसती माझ्याकडं पाहत होती. शेठच्या ट्रॅक्टरवर गडचिरोलीच्या दवाखान्याकडं निघालो. अर्ध्या वाटेत ड्रायव्हरनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि ट्रॅक्टर परत वळवला. दिवस बुडायच्या आत माती झाली. पोरगी सिरोंच्याला दिलेली, एसटीनं दिवसभराचा रस्ता. तिला मायचं तोंड पाहायला भेटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिलवर गेलो. सुतक होतं. मुकादम फाटकावर आडवा आला.

"भाऊ, तुमी काऊन आले? घरी बसा ना."

"टाकीत धान हाय. आज वाफ नाई भेटली तर आंबते."

तो बाजूला झाला.

भट्टी पेटवली. थोरलीची चावी अर्ध्याच्या खाली ठेवली. एरवी तिथल्या बाया भांडल्या असत्या, त्या दिवशी त्या आपापले हंडे भरत राहिल्या. मागच्या पाइपातलं थंड पाणी आधी सोडून दिलं, मग चावी हळूहळू पूर्ण उघडली आणि पटांगण ओलांडून तिकडे गेलो. बायांनी हंडे भरून ठेवले होते. थोड्या वेळानं झाकणाच्या कडेनं वाफ निघाली, कोरडी, जोराची. त्या शेडमध्ये तशी वाफ मी कधी पाहिली नव्हती. घाणा उतरल्यावर मुकादमानं एक दाणा नखानं फोडला, मग दुसरा फोडला. पोट पांढरं नव्हतं.

"चालते. शेड राहू द्या," तो म्हणाला.

तेवढ्यात एक म्हातारी रेजा बाहेरून बोलली, "भाऊ, वळणावर तडकलं पाहा."

लिपण आतून ओलं राहिलं असेल. पाइप तापला तसा वळणावरचा एक लपका खाली पडला होता आणि बोरा उघडा दिसत होता. मुकादम म्हणाला, कोण्या बाईले सांगतो. मी नको म्हटलं. घमेल्यात माती घेतली, शेण घेतलं, पाणी ओतलं. हे काम मी जन्मात केलं नव्हतं. कालवलेला गारा माझ्या हाताला चिकटायचा, पाइपाला नाही.

म्हातारी जवळ येऊन उभी राहिली. "पानी जास्त झालं, भाऊ. भुसा घाला."

मी भुसा घातला आणि परत कालवायला बसलो.