मामाचं नाक

माझा मामा पोटापाण्यासाठी वास घ्यायचा. असं सांगितलं की लोक हसतात, आणि मामाही त्यांच्याबरोबर हसायचा. गावाबाहेर गॅसचा कारखाना होता. तिथून सिलिंडर भरून घरोघरी जात. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आपल्याला येतो तो सडक्या कोबीसारखा वास मुद्दाम घातलेला असतो. मर्कॅप्टन नावाचं एक द्रव्य, कुणाला जवळ नको असं, थेंबाथेंबाने त्यात मिसळतात, गळती झाली तर माणसाला कळावं म्हणून. कारखान्यातले लोक त्याच्या पिंपाला ‘अत्तर’ म्हणत.

ते पुरेसं मिसळलंय की नाही हे मामा बघायचा. त्याच्या टेबलावर एक पेटी होती, तिला नरसाळ्यासारखं तोंड. टाकीतला गॅस तिच्यात थोडाथोडा हवेत मिसळत जायचा. मामा नरसाळ्यात नाक घालून बटण हळूहळू फिरवायचा आणि ज्या आकड्यावर पहिल्यांदा वास जाणवेल तो आकडा कागदावर लिहून खाली सही करायचा. त्या सहीशिवाय एकही सिलिंडर फाटकाबाहेर पडत नसे. बावीस वर्षं हेच. सगळे त्याला नाकोबा म्हणत आणि त्याला ते आवडायचं. त्याच्या घरी मामी वासाचं तेल लावत नसे, साबणसुद्धा बिनवासाचा. आई म्हणायची, याच्या घरात सासूचा मान नाकाला आहे.

शाळेची मुलं कारखाना बघायला आली की मामाला चेव चढायचा. मेलेल्या जनावरातून हेच द्रव्य सुटतं, म्हणून लांबच्या एका देशात गॅसच्या पाइपावर गिधाडं घिरट्या घालू लागली आणि गळती कुठे आहे ते इंजिनियरांना गिधाडांनी दाखवलं, हे तो हात पसरून सांगायचा. मग आवाज खाली आणून दुसरी गोष्ट. एका शाळेखाली बिनवासाचा गॅस साठत गेला, कुणाला पत्ता लागला नाही, आणि एका ठिणगीसरशी शाळा मुलांसकट उडाली. त्यानंतर गॅसला वास लावायचा कायदा झाला. मुलं गप्प व्हायची. मीही लहानपणी त्या रांगेत उभी राहून गप्प झालेली आहे.

मामाला ताप आला तेव्हा तो त्रेपन्न वर्षांचा होता. आठवड्याने उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसला. मामी बाहेर कुणाशी बोलत होती. पातेल्यातलं दूध करपून काळं झालं, धूर डोळ्यांत गेला, तेव्हा त्याला कळलं. वास आलाच नव्हता. त्याने मामीची हिंगाची डबी हुंगली, बूट हुंगले, रॉकेलचा डबा हुंगला. काही नाही. नाकाच्या जागी नुसती दोन भोकं राहिली होती, असं त्याने मला पुढे सांगितलं.

त्याने कुणालाही सांगितलं नाही. डॉक्टरकडे गेला तेही ‘माझ्या एका मित्राचं असं झालंय’ म्हणून. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कधी ते सांगता येत नाही. मामाने ‘येईल परत’ एवढंच ऐकलं. चार दिवस थांबू, म्हणून तो कामावर गेला, नरसाळ्यात नाक घातलं, बटण फिरवलं आणि कालपरवाच्या आकड्यांच्या आसपासचा एक आकडा लिहिला. सही केली. चार दिवसांचे तीन महिने झाले. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. नाकोबाचं नाक गेलं हे ऐकून लोक हसतील, ते त्याला सोसवणार नव्हतं.

त्यातच कारखान्यात नवी टाकी बसली. कोरं पोलाद हा वास पिऊन टाकतं. आतून किंचित गंज धरला की मर्कॅप्टनचं दुसरंच काहीतरी होतं आणि वास मरतो. मामाला हे पाठ होतं. नव्या टाकीचा गॅस रोज तीनतीनदा हुंगायचा असतो, हेही त्यानेच इतरांना शिकवलेलं. त्याने पंपावरच्या बाईला सहज विचारल्यासारखं विचारलं, “येतोय ना वास?” ती म्हणाली, “येतोय की.” ती दिवसभर पिंपाशेजारी उभी असायची, तिच्या पदरालाही तो वास होता, आणि सरावलेल्या नाकाला तो कमी झालेला कळत नाही. मामाला हेही कळत होतं. तरी त्याने आकडा लिहिला.

नव्या टाकीतला एक सिलिंडर आमच्या घरी आला.

आम्ही दोघीच, आई आणि मी. आई शिंप्यासाठी काजं करायची. तिच्यासारखं बारीक काज गावात कुणाचं नव्हतं. त्या सकाळी मी आंघोळीला गेले होते. शेगडीची नळी मागच्या बाजूला चिरलेली होती. आईने चहासाठी लायटर दाबला आणि ओट्यावर भडका उठला. तिचे दोन्ही हात, मान आणि एक भुवई भाजली. शेजाऱ्यांनी ओलं पांघरूण टाकलं म्हणून तेवढ्यावर निभावलं. महिन्याने ती घरी आली तेव्हा बोटांवरची कातडी ताणून बसली होती. सुई चिमटीत धरता येईना.

सगळ्यांनी तिला एकच विचारलं, वास नाही आला? ती म्हणायची, नाही. लोक एकमेकांकडे बघायचे. गॅसचा वास तर तीन घरांपलीकडे जातो. मीही तिला बोलले. तुझं लक्ष कुठे असतं, म्हणाले. लायटर माझ्या पर्सेत ठेवू लागले आणि आईला स्वयंपाकघरात जायला बंदी केली. ती दाराशी खुर्ची घेऊन बसायची आणि मी भाजी फोडणीला टाकली की विचारायची, “जाऊ का मी जरा आत?” मी नाही म्हणायचे.

आई स्वतःची परीक्षा घेऊ लागली. लिंबू हुंगायची, साबण हुंगायची, डोळे मिटून माझ्या हातातली वस्तू ओळखायची. सगळे वास येत होते. मामा तिला बघायला आला तेव्हा तिने त्यालाच विचारलं, कारण यातलं कळणारा घरात तोच. बाकीचे वास येतात, मग तोच कसा आला नाही?

मामा तिच्या पट्ट्या बांधलेल्या हातांकडे बघत होता. म्हणाला, “ताई, वयानुसार होतं असं. एखादाच वास जातो, बाकीचे राहतात.”

आईने मान डोलावली. त्या दिवसापासून तिने आत जाऊ का, हे विचारणंही सोडलं.

पुढे आणखी दोन घरांतून तक्रारी आल्या. तिथल्या गळतीचा आवाज वेळेवर ऐकू आला, कुणाला इजा झाली नाही. कारखान्याने बाहेरून यंत्र आणून टाकी तपासली, तर वास जवळजवळ नव्हताच. मोठ्या साहेबांनी मामाला बोलावलं. मामा मनाची तयारी करून गेला होता. पण साहेबांसमोर त्याचेच कागद होते, ओळीने भरलेले, खाली सह्या. साहेब म्हणाले, तुमच्या नोंदी स्वच्छ आहेत, सकाळी वास ठीक होता, दिवसभरात टाकीने खाल्ला असणार, दोष पोलादाचा. वर पाठ थोपटली. मामा आभार मानून बाहेर आला. मला हे सांगताना तो म्हणाला, “मी आभार मानले गं. तोंडातून आपसूक निघालं.”

त्यानंतरच्या रविवारी दुपारी तो आमच्याकडे आला. मी पोळ्या लाटत होते, आई दारातल्या खुर्चीवर. त्याने चप्पल काढली आणि आत न येता तिथेच जमिनीवर बसला. आई म्हणाली, अरे, वर बस. तो बसला नाही.

“ताई, तुझं नाक शाबूत आहे,” तो म्हणाला. “गॅसला वासच नव्हता. आणि ते मला कळलं नाही, कारण नाक माझं गेलंय. तीन महिने मी खोट्या सह्या करत होतो.”

मी तवा उतरवला. आईने सगळं शांतपणे विचारून घेतलं. ताप कधी आला, डॉक्टर काय म्हणाले, मामीला माहीत आहे का. मग स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

“हात भाजले ते भाजले,” ती म्हणाली. “पण मी विचारलं तेव्हा तू मला वयाचं सांगितलंस. महिनाभर मी स्वतःच्या घरात चोरासारखी बसले. ऊठ, जा आता.”

मामा उठला आणि गेला. मला त्याच्यामागे जावंसं वाटलं नाही. आईकडे बघवतही नव्हतं. पर्सेतला लायटर काढून मी ओट्यावर ठेवला आणि बाजूला झाले. आई आत आली. तिने दोन्ही तळव्यांत धरून तो दाबला, शेगडी पेटवली आणि चहा टाकला, एकच कप. तिची माफी मागायचं माझ्या मनात तेव्हा होतं, आजही आहे.

दुसऱ्या दिवशी मामाने साहेबांना लेखी दिलं. तीन महिन्यांच्या सगळ्या तारखा लिहिल्या. गावात भोंगा फिरवून सिलिंडर परत मागवले, कारखाना पंधरा दिवस बंद राहिला, पेपरात बातमी आली. मामाला काढलं नाही, फाटकावरच्या वहीवर बसवलं. तिथे गाड्यांचे नंबर लिहायचे. त्याला वाटलं होतं लोक हसतील. कुणी हसलं नाही. फक्त नाकोबा म्हणणं सगळ्यांनी बंद केलं. पंपावरची बाई तर त्याला साहेब म्हणू लागली. ते ऐकून तो मान खाली घालायचा.

आई त्याच्याशी पाच महिने बोलली नाही. मामी यायची, खुशाली सांगून जायची. मग एका रविवारी आईने मला सांगितलं, त्याला म्हणावं, येऊन सुया ओवून दे. चिमटीत धरणं जमत नव्हतं तरी तिने सुई अंगठा आणि तळव्याच्या मध्ये धरायची युक्ती काढली होती; काजं पूर्वीसारखी नव्हती, पण शिंपी घेत होता. ओवणं तेवढं अडत होतं. माझी नजर कमजोर, हे तिला आयतं निमित्त मिळालं.

मामा आला. आईने सुया टोचायची उशी त्याच्यापुढे सरकवली. त्याने चष्मा लावून आठवड्याभराच्या तीस सुया ओवल्या आणि ओळीने टोचून ठेवल्या. निघताना आईने विचारलं, “वास येतो का काही?”

“कधी कधी येतो,” मामा म्हणाला, “पण चुकीचा. कॉफीला रबर जळल्यासारखा.”

“असू दे,” आई म्हणाली. “पुढच्या वेळी जाड दोरा जास्त ओव.”