घड्याळबाईंचा तक्ता

सोमवारी सकाळी तक्ता माझ्या हातात पडला आणि त्यात आमचं घर चौदावं होतं. घरं एकूण चौदाच होती.

मी या घरातली मुख्य मावशी. आमच्याकडे नऊ मोठी माणसं राहतात. मोठी म्हणजे वयानं मोठी. कुणाला बोलता येत नाही, कुणाला एकट्यानं रस्ता ओलांडता येत नाही, कुणाला दोन्ही नाही. आईवडील थकले किंवा गेले म्हणून ती इथे आली, आणि आता कायमची इथेच राहणार अशी सगळ्यांची समजूत होती. वर बसलेल्या साहेबांची नव्हती. चौदापैकी दोन घरं बंद करायची आणि तिथली माणसं शहराबाहेरच्या मोठ्या इमारतीत हलवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. कोणती दोन, ते गुरुवारी अकरा वाजता समिती ठरवणार होती. समितीपुढे हाच तक्ता जाणार होता, आणि तो केला होता आमच्या घड्याळबाईंनी.

नाव अर्थातच आम्ही ठेवलेलं. या बाई तीन वर्षं दर मंगळवारी दोनच्या ठोक्याला यायच्या, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायच्या, मनगटावरचं घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवायच्या आणि दर पाच मिनिटांनी मान वर करून वहीत एक अक्षर लिहायच्या. कोण काय करतंय, कुणाशी बोलतंय, की नुसतं भिंतीकडे बघत बसलंय. चार वाजता उठायच्या. पीएचडी चालली होती त्यांची. अशा घरांतली काळजी किती चांगली असते आणि तिथं राहणाऱ्यांच्या आयुष्यात तिनं काय फरक पडतो, हा विषय. चांगला विषय आहे, पण मला तेव्हा राग आला होता. वीस वर्षं पाठीचा काटा ढिला करून आम्ही माणसं उठवायची, आणि दर्जा ठरवणार कोण, तर स्टुलावर बसणारी.

वय त्रेचाळीस. सकाळी एका कॉलेजात तासावर शिकवायच्या, म्हणून दुपारीच यायला जमायचं. पर्समध्ये कायम एक केळं आणि तीन पेनं. स्वभावानं इतक्या भिडस्त की पाणी प्यायलासुद्धा परवानगी मागायच्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, ते मला पक्कं आठवतं. आमच्याकडे प्रत्येक माणसाचा रोजचा एक फॉर्म असतो. जेवण, आंघोळ, कपडे, फेरफटका, गप्पा, असे पंधरा रकाने. झालं की बरोबरची खूण करायची. त्या दिवशी दोन मदतनीस आल्या नव्हत्या, एकजण तापानं फणफणलेला, आणि या बाई वही उघडून म्हणाल्या, "मावशी, हे रकाने तुम्ही कसे भरता?"

"पेनानं," मी म्हणाले.

सगळे हसले. त्याही हसल्या, वही मिटली आणि स्टुलावर जाऊन बसल्या.

आता इन्स्पेक्टरबद्दल सांगते, कारण गुरुवारी खरं काय पणाला लागलं होतं ते त्याच्यावाचून कळायचं नाही. इन्स्पेक्टर म्हणजे आमच्यातला सगळ्यात उंच माणूस, वय बावन्न. बोलत नाही. दुपारच्या जेवणानंतर घरातला एकेक नळ घट्ट बंद आहे का ते बघत फिरतो, म्हणून इन्स्पेक्टर. चार वाजता पाहुण्यांच्या चपला उचलून त्यांच्या हातात देतो. म्हणजे निघा. घड्याळबाईंना त्यानं तीन वर्षं एकही मंगळवार न चुकवता घालवून दिलंय.

दहा वर्षांपूर्वी त्याला आधीच्या घरातून एका सकाळीत हलवलं होतं. दोन पिशव्यांत सामान भरलं आणि गाडीत बसवलं. नव्या जागी त्यानं तोंड मिटलं ते एकोणीस दिवस. शेवटी इस्पितळात नाकातून नळी घालावी लागली. तिथून तो आमच्याकडे आला तेव्हा सहा फुटांच्या माणसाचं वजन अडतीस किलो होतं. स्वतःच्या हातानं चमचा तोंडाकडे न्यायला मी त्याला पुन्हा शिकवलं, त्याला चौदा महिने लागले. पुन्हा हलवला तर हा माणूस जगणार नाही, हे मी लिहून द्यायला तयार होते. पण मावशीचं लिहिलेलं कोण वाचतं.

म्हणून सोमवारी मी फोन उचलला आणि घड्याळबाईंना म्हणाले, "तुमच्या कागदात आम्ही शेवटी. आता या आणि डोळ्यांनी बघा."

कॉलेज बुडवून त्या साडेबाराला आल्या. जेवणाच्या वेळी त्या आमच्याकडे पहिल्यांदाच आल्या होत्या, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. मी इन्स्पेक्टरसमोर ताट ठेवलं आणि शेजारी बसले. तो चमचा उचलतो, थांबतो, नेम धरतो, मग नेतो. चाळीस मिनिटं लागतात. मधे कुणी घाई केली तर चमचा ठेवून देतो आणि मग संपलंच. त्या दिवशी शेवटी त्याचा हात थरथरायला लागला, म्हणून उरलेले तीन घास मी भरवले. तोंड पुसलं, फॉर्म ओढला, बाकीच्या खुणा केल्या आणि बाजूला ठेवला.

"मावशी, जेवणाचा रकाना राहिला," घड्याळबाई म्हणाल्या.

"राहिला नाही. रिकामा सोडलाय."

"का?"

"शेवटचे तीन घास मी भरवले ना."

"पण ते जेवले."

"मी जेवू घातलं. स्वतःच्या हातानं सगळं जेवला तर खूण. रकाना त्याचा आहे, माझा नाही."

बाईंनी अगदी हळू विचारलं, "आंघोळीचंही असंच?"

"सगळ्याचंच. मी इथे आल्यापासून. नाहीतर माणूस पुढे सरकतोय की मागे, ते कळणार कसं?"

त्यांनी मागच्या तीन महिन्यांचे फॉर्म मागितले. पानं उलटताना त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. "मी रिकाम्या रकान्याला शून्य दिलंय," त्या म्हणाल्या. "काळजी मिळालीच नाही, असं धरून. तीन वर्षं."

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते लिहीत नाही, स्वतःचीच लाज वाटते. एवढं शिकून हेच केलंत का, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझी आई शेवटची दोन वर्षं अशाच एका घरात होती. ती गेल्यावर मी तिचे फॉर्म मागून घेतले. 'गप्पा' या रकान्यात रोज खूण होती. रोज. मी जायचे तेव्हा आई म्हणायची, आठवडाभर माझ्याशी कुणी चकार शब्द बोललं नाही गं. त्यावरून मी हा विषय घेतला, मावशी. आणि शेवटी मीही खुणाच मोजल्या. माझ्या स्टुलावरच्या नोंदी मी मागे परिशिष्टात टाकल्या, कारण सर म्हणाले, त्या फार थोड्या आहेत."

सर म्हणजे त्यांचे गाईड. तेच समितीवरही होते आणि तक्ता त्यांनीच पुढे नेला होता.

"मग गुरुवारी काय करणार?" मी विचारलं.

"प्रबंध शुक्रवारी द्यायचाय. दोनदा मुदत वाढवून झाली. आता दिला नाही तर नोंदणीच रद्द होते." त्या पर्सचा पट्टा बोटांना गुंडाळत राहिल्या. "बघते."

बघते. हा शब्द मी वीस वर्षं ऐकतेय. पुढच्या रविवारी येऊन बघतो, म्हणणारे भाऊ. सुट्टी मिळते का बघते, म्हणणाऱ्या मुली. मी दार उघडून दिलं आणि त्यांच्याकडे बघितलंही नाही.

मंगळवारी त्या आल्या नाहीत. तीन वर्षांत पहिल्यांदा स्टूल रिकामं. चार वाजता इन्स्पेक्टर दाराशी गेला, चपला शोधल्या आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. बुधवारी ऑफिसातून कारकुनाचा फोन आला. निर्णय व्हायचाय, पण तयारी असू द्या, प्रत्येकाच्या सामानाची यादी पाठवा. मी बिनडोकासारखी कपाटावरच्या पिशव्या खाली काढल्या. प्रत्येकी दोन, जमिनीवर रांगेनं. इन्स्पेक्टर नळ बघत बघत त्या खोलीत आला आणि पिशव्या दिसल्याबरोबर जागच्या जागी थबकला. मी लगेच त्या पलंगाखाली ढकलल्या. रात्री तो जेवला नाही. गुरुवारी सकाळीही नाही. दहा वर्षांपूर्वी मिटलं होतं तसंच त्यानं तोंड मिटलं होतं.

त्याला तसाच सोडून मी अकरा वाजता समितीपुढे जाऊन बसले. चौदाही घरांच्या प्रमुखांना बोलावलं होतं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर तक्ता. घड्याळबाई मागच्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. सरांनी छान, स्वच्छ आवाजात सगळं समजावलं. तळाची दोन घरं कोणती, यात शंकेला जागाच नव्हती.

अध्यक्ष म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?"

मी घोकून आले होते. आणि ऐनवेळी माझी, जिच्या तोंडाला लागायला माणसं घाबरतात तिची, जीभ टाळ्याला चिकटली. अध्यक्षांनी पेन उचललं.

"मला बोलायचंय," मागून आवाज आला.

सर वळले. "बसा तुम्ही. आपण नंतर बोलू."

"नंतर उशीर होईल, सर." घड्याळबाई उभ्या राहिल्या होत्या. "हा तक्ता मी केलाय आणि तो चुकलाय."

"किती चुकलाय?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते मलाही माहीत नाही. म्हणूनच तो मागे घ्यायला हवा." मग त्या पहिल्या क्रमांकाच्या घराच्या प्रमुखाकडे वळल्या. टेकडीवरचं, गुळगुळीत फरशीचं घर. "तुमच्याकडे 'जेवण' या रकान्यात खूण कधी करतात?"

तो गृहस्थ प्रसन्न हसला. "सकाळी ड्यूटीवर आल्या आल्या. दिवसभराच्या सगळ्या करून टाकतो. मग दिवस मोकळा मिळतो."

आपण काय बोललो ते त्या बिचाऱ्याला दोन क्षणांनी कळलं.

"तुमच्याकडे?" त्यांनी पाचव्या घराला विचारलं.

"ताट रिकामं परत आलं की."

"आणि मावशी, तुमच्याकडे?"

आता माझी जीभ सुटली. मी चाळीस मिनिटं, तीन घास, अडतीस किलो, सगळं सांगितलं. कालपासून तो जेवला नाही हेही सांगितलं, आणि सांगताना रडले. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. सरांनी कागद गोळा केले आणि घड्याळबाईंच्या शेजारून, त्यांच्याकडे न बघता निघून गेले.

घर वाचलं असं मी म्हणणार नाही. निर्णय सहा महिने पुढे गेला, सगळी घरं पुन्हा, माणसं पाठवून, बघायची ठरली. मी घरी आले आणि इन्स्पेक्टरच्या डोळ्यांदेखत पिशव्या माळ्यावर टाकल्या, शिडी काढून घेतली. संध्याकाळी त्यानं पाच चमचे खाल्ले. शुक्रवारी दुपारी सगळं ताट स्वतःच्या हातानं संपवलं. मी खूण केली. तारीख लिहिताना आठवलं की आज घड्याळबाईंचा प्रबंध द्यायचा दिवस. फोन केला, तर बाई स्वतःच्या मुलीच्या शाळेत पालकसभेला बसल्या होत्या. "नाही दिला," एवढंच म्हणाल्या.

मंगळवारी त्या साडेबाराला आल्या. मनगटावर घड्याळ होतं, हातात नवी वही. पुन्हा नोंदणी करणार होत्या, पहिल्यापासून, दुसऱ्या गाईडकडे, कुणी घेतलं तर. मी चहा पुढे केला आणि चार दिवस जे गळ्यात अडकलं होतं ते बोलून टाकलं. "पहिल्याच दिवशी तुम्ही मला विचारलं होतं. मी नीट सांगितलं असतं तर तुमची तीन वर्षं वाया गेली नसती. चूक माझी आहे."

त्यांनी पर्समधून जुनी वही काढली आणि पहिलं पान माझ्यासमोर धरलं. त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: "रकाने कसे भरतात? पेनानं. पुन्हा विचारणे." खाली दोन रेघा.

"मग विचारलं का नाहीत?" मी म्हणाले.

"घाबरले हो तुम्हाला."

मला हसू आलं नाही. त्यांनी जुनी वही ठेवली, नवी उघडली, पेन काढलं आणि म्हणाल्या, "मावशी, हे रकाने तुम्ही कसे भरता?"

मी पहिल्या रकान्यापासून सांगायला लागले. मधे इन्स्पेक्टरचं जेवण झालं, नळ बघून झाले. चार वाजता तो त्यांच्या चपला घेऊन आला तेव्हा आम्ही नवव्या रकान्यावर होतो. आमचं संपेपर्यंत तो चपला हातात धरून उभा राहिला.